आरटी क्रेन साईटवर आणायचीय? आरटीओपासून गेट पासपर्यंत काय काय लागतं

रफ टेरेन क्रेन, म्हणजे साईटवर सगळे जिला आरटी म्हणतात ती, भाड्याने घ्यायची ठरली की पहिला फोन रेटसाठी होतो, दुसरा ट्रेलरसाठी, आणि कागदपत्रांचा विषय निघतो मशीन गेटवर येऊन उभी राहिल्यावर. मग सेफ्टीवाला फाईल परत करतो, क्रेनवाला आयडल चार्जेस लावतो आणि इरेक्शनचं शेड्युल हलतं. म्हणून कागद आधी मागवा, आणि नुसते मागवू नका, वाचा. तुमच्या हातातला कागद याच मशीनचा आहे का आणि तुम्ही जे उचलणार आहात त्याला तो पुरतो का, हे दोन प्रश्न प्रत्येक कागदाला विचारायचे, बाकी सगळी प्रक्रिया त्याभोवतीच फिरते.

आधी मशीनबद्दल थोडं, कारण त्यावरच कुठले कागद लागणार ते ठरतं. आरटीला दोनच ऍक्सल, चार मोठे टायर, फोर व्हील ड्राइव्ह आणि एकच केबिन, त्याच केबिनमधून गाडी चालवायची आणि क्रेनही. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर, मागच्या चाकांवर, चारही चाकांवर आणि खेकड्यासारखं तिरकं असं चार प्रकारे चालतं, म्हणून अरुंद जागेत, चिखलात, खडीवर ही घुसते जिथे ट्रक क्रेन अडकते. चार आउटरिगर (बाजूला निघणारे आधाराचे पाय) टाकले की ३६० डिग्री फिरून काम करते. हायड्रा, म्हणजे माल उचलून चालणारी छोटी क्रेन, माल घेऊन पळते पण तिच्यात बूम (क्रेनचा लांब हात) गाडीबरोबरच वळतो आणि माल समोर लोंबकळत असतो, त्यामुळे बऱ्याच मोठ्या साईटवर आता हायड्राला नको म्हणतात. आरटीची मर्यादा मात्र रस्त्यावर कळते, ताशी ३५-४० किलोमीटरच्या वर ती जात नाही, ५०-६० टनी मशीनचं स्वतःचंच वजन ३५-४० टनांच्या घरात आणि रुंदी ३ मीटरच्या आसपास.

आरटीओ

सेंट्रल मोटर व्हेईकल रूल्स १९८९ मध्ये कन्स्ट्रक्शन इक्विपमेंट व्हेईकल (सीईव्ही) अशी वेगळी व्याख्या आहे आणि मोबाईल क्रेन त्यात नावानिशी येते. हे वाहन नॉन ट्रान्सपोर्ट प्रकारात मोडतं, रस्त्यावर चालणं हे त्याचं मुख्य काम नाही, थोडा वेळ आणि ताशी ५० किलोमीटरच्या आत. जी मशीन बंद आवारातच वापरायची आणि स्वतःच्या पॉवरवर पब्लिक रोडवर जायला बनवलेलीच नाही ती या व्याख्येबाहेर राहते, पण आरटी चाकांवर चालते, रस्ता क्रॉस करून पलीकडच्या प्लॉटवर जाते, तेव्हा आमची साईटच्या आतच असते हो असं सांगून भागत नाही, आरसी लागतेच.

नवीन मशीनचं रजिस्ट्रेशन मालकाने करायचं, भाड्याने घेणाऱ्याने नाही. वाहन पोर्टलवर फॉर्म २० चा अर्ज, त्यासोबत डीलरचं सेल सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म २१, कंपनीचा फॉर्म २२, इन्शुरन्स, पत्त्याचा पुरावा, पॅन आणि जीएसटीचे कागद, लोन असेल तर बँकेचं हायपोथेकेशन फॉर्म ३४ वर. इम्पोर्टेड असेल तर बिल ऑफ एंट्री जोडायची आणि टाईप अप्रूव्हलचं, म्हणजे ते मॉडेल भारतातल्या नियमांत बसतं या सर्टिफिकेटचं, आधीच बघून घ्यायचं, कारण ते नसेल तर फाईल तिथेच थांबते. पुण्याची एआरएआय ही हे सर्टिफिकेट देणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक. जानेवारी २०२५ पासून बनणाऱ्या या प्रकारच्या मशीनना सीईव्ही स्टेज ५ चे एमिशन नॉर्म्स लागू आहेत, त्यामुळे स्वस्तात मिळतंय म्हणून जुनं मशीन बाहेरून आणायचा विचार असेल तर हे आधी तपासा. टॅक्सचं म्हणाल तर मार्च २०२५ च्या महाराष्ट्राच्या बजेटमध्ये क्रेन, एक्सकॅव्हेटर वगैरे वाहनांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी टॅक्सची घोषणा झाली होती, अर्ज करताना पोर्टलवर जी रक्कम दिसेल तीच धरायची, एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

भाड्याने घेणाऱ्याने काय बघायचं? आरसीवरचा चेसिस नंबर आणि मशीनवर पंच केलेला नंबर. स्वतः जाऊन बघा, मोबाईलवर फोटो मागवून नाही. एकाच मालकाकडे सेम मॉडेलच्या तीन-चार मशीन असतात आणि फाईल एकीची, मशीन दुसरी असं सर्रास होतं, कोणी मुद्दाम करतं असं नाही पण ऍक्सिडेंट झाला तर इन्शुरन्स कंपनी पहिलं हेच बघते. इन्शुरन्स दोन वेगवेगळे असतात, रस्त्यासाठी मोटर व्हेईकल ऍक्टखालचा थर्ड पार्टी आणि मशीनच्या नुकसानासाठी कॉन्ट्रॅक्टर्स प्लांट अँड मशिनरी पॉलिसी, दोन्हीच्या तारखा काम संपेपर्यंत चालतायत का बघायचं. एक वर्षाच्या वरची मशीन असेल तर पीयूसी पण.

दुसऱ्या शहरात न्यायची तर लो बेड ट्रेलरच. वाहनाच्या रुंदीची साधारण मर्यादा २.६ मीटर आणि आपली क्रेन ३ मीटरची, म्हणजे हा ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो) माल झाला, त्याची परवानगी ट्रान्सपोर्टरने ऑनलाईन काढायची असते आणि त्यात ट्रेलरचा नंबर, लोडेड उंची-रुंदी-वजन, रूट सगळं भरावं लागतं. परवानगी हातात आल्याशिवाय वर्क ऑर्डरमध्ये मोबिलायझेशनची तारीख टाकू नका.

टेस्ट सर्टिफिकेट

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथेच लोक नुसती तारीख बघून पान उलटतात. बीओसीडब्ल्यू, म्हणजे बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ आणि त्याखालचे केंद्रीय नियम १९९८ (महाराष्ट्राचे स्वतःचे नियम २००७ चे) यात लिफ्टिंग अप्लायन्सचं वेगळं प्रकरण आहे. पहिल्यांदा वापरात आणण्याआधी, ताकद किंवा स्टॅबिलिटीवर परिणाम करणारं रिपेअर किंवा बदल झाला की त्यानंतर, आणि तसंही पाच वर्षांतून एकदा लोड टेस्ट. शिवाय दर १२ महिन्यांनी कॉम्पिटंट पर्सनकडून पूर्ण तपासणी. फॅक्टरीच्या आवारात काम असेल तर फॅक्टरीज ऍक्टचं कलम २९ लागायचं, तिथेही १२ महिनेच. कॉम्पिटंट पर्सन म्हणजे कोणीही इंजिनिअर नव्हे, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मान्यता दिलेला माणूस, त्याच्या मान्यतेचं पत्र सर्टिफिकेटसोबत मागायचं आणि त्यात लिफ्टिंग मशीन लिहिलंय का ते वाचायचं, प्रेशर व्हेसलची मान्यता क्रेनला चालत नाही.

टेस्टला किती लोड लावायचा ते नियमातच आहे. २० टनांपर्यंत सेफ वर्किंग लोडच्या २५ टक्के जास्त, २० ते ५० टनांत ५ टन जास्त, ५० च्या वर १० टक्के जास्त. म्हणजे १५ टनाला १८.७५, ४० टनाला ४५, ६० टनाला ६६. रेडियस (क्रेनच्या फिरण्याच्या मध्यापासून हुकपर्यंतचं आडवं अंतर) बदलणाऱ्या क्रेनला कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन्ही रेडियसला टेस्ट हवी. सर्टिफिकेटवर नुसतं ६० टन टेस्टेड असं लिहिलेलं असेल आणि बूमची लांबी, रेडियस, आउटरिगर किती बाहेर होते यातलं काहीच नसेल तर त्या कागदावरून तुम्हाला काहीही कळत नाही, परत पाठवा.

केंद्रीय नियमांत क्रेनचं सर्टिफिकेट फॉर्म ६, शॅकल-हुकसारख्या लूज गिअरचं फॉर्म ७, वायर रोपचं फॉर्म ८ असं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत आणि बीओसीडब्ल्यू कायदा आणि फॅक्टरीज ऍक्ट दोन्ही त्यातल्या सेफ्टी कोडमध्ये गेलेत, त्यामुळे फॉर्मचे नंबर बदलत जातील, अर्ज करताना चालू नमुना कुठला ते लेबर ऑफिसमधून विचारून घ्या.

रोप मात्र कागदावर सोडू नका. नियम असा की रोपच्या व्यासाच्या आठ पट लांबीत दिसणाऱ्या तुटलेल्या तारा एकूण तारांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर तो रोप बाद. २० एमएमचा ६×३६ (सहा पदर, प्रत्येकात ३६ तारा) रोप घ्या, तारा झाल्या २१६, मोजायची लांबी १६० एमएम, तेवढ्यात २२ तारा तुटलेल्या दिसल्या की संपलं. दर तीन महिन्यांनी तपासणी, एक जरी तार तुटली तरी मग दर महिन्याला.

ऑपरेटरची पात्रता

वय १८ च्या वर, कामाची माहिती, धोक्यांची जाण आणि मेडिकल फिटनेस, हे ऑपरेटरला आणि सिग्नल देणाऱ्यालाही, सिग्नलमन म्हणून हेल्परला उभं करणं नियमात बसत नाही. ऑपरेटरचं मेडिकल कामावर घेण्याआधी, आजारपण किंवा दुखापतीनंतर, आणि चाळिशीपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. लायसन्सवर क्रेनचा क्लास हवा, नुसतं एलएमव्ही नको. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचं सर्टिफिकेट असेल तर मोठ्या क्लायंटकडे फाईल लवकर सरकते. दोन शिफ्ट असतील तर दोन ऑपरेटरचे कागद, रात्रीच्या माणसाचं कोणी विचारत नाही आणि तोच खरा अडचणीचा विषय.

लिफ्टिंग प्लॅन आणि गेट पास

गेट पासच्या अर्जाला वरचं सगळं, वर्क ऑर्डरची कॉपी, लोड चार्ट (कुठल्या बूम लांबीला आणि रेडियसला किती उचलता येतं तो तक्ता), मशीन उभी करून घेतलेलं इन्स्पेक्शन आणि लिफ्टिंग प्लॅन लागतो. इन्स्पेक्शनला सेफ लोड इंडिकेटर चालू स्थितीत दाखवावा लागतो, बूम वरखाली करून ज्या क्रेनची क्षमता बदलते तिला तो नियमानेच लागतो, आणि हुक वर जाऊन बूमला धडकू नये म्हणून असलेला लिमिट स्विच पण. हे दोन्ही बंद करणारी बायपासची चावी फिरवून ठेवलीय का ते बघा.

प्लॅनचं गणित असं. समजा ८ टनाचा गर्डर आहे आणि तुमच्या बूम लांबीला, त्या रेडियसला चार्ट ११ टन दाखवतो. ८ भागिले ११, ७३ टक्के, ठीक वाटतं. पण हुक ब्लॉक ६०० किलो, स्लिंग-शॅकल २५० किलो धरले की उचल झाली ८.८५ टन आणि टक्के झाले ८०. बऱ्याच साईटवर ७५ किंवा ८० च्या वर क्रिटिकल लिफ्ट धरतात, वेगळी मंजुरी लागते. ६० टनी क्रेन ही ६० टन फक्त अगदी जवळच्या रेडियसला उचलते, लांब गेलं की आकडा झपाट्याने खाली येतो, आणि टायरवर उभं राहून उचलायचा चार्ट तर वेगळाच, आउटरिगरवाल्यापेक्षा खूपच कमी. टायरवरचा चार्ट सपाट टणक जमीन आणि ठरलेलं टायर प्रेशर धरूनच असतो, खडबडीत जागेत चालते म्हणजे खडबडीत जागेत माल घेऊन चालते असं अजिबात नाही.

जमिनीचंही प्लॅनमध्ये लिहा. एका आउटरिगरवर ३० टन आले आणि पॅड ६०×६० सेंटीमीटरचा असेल तर दाब चौरस मीटरला ८३ टन, खाली दीड बाय दीड मीटरची मॅट घातली की तोच १३ वर येतो. पावसाळ्यात भिजलेल्या काळ्या मातीला तेवढाही झेपेल असं धरू नका, मुरूम टाकून रोलरने दाबून घ्या आणि मॅट मोठी घ्या. वरून लाईन जात असेल तर महावितरणकडे शटडाऊनचा अर्ज लिफ्टच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही, प्लॅन मंजुरीला देतानाच तोही द्या.

पास मिळाल्यावर फाईलची एक कॉपी केबिनमध्ये ठेवायची, चार्टसकट. मशीन मध्येच बदलून आली, जिब (बूमच्या टोकाला जोडायचा जादा हात) लावला, बूम किंवा आउटरिगरचं वेल्डिंग झालं, तर जुना पास रद्द समजून टेस्टपासून पुन्हा. ब्रेकडाऊननंतर मालक दुसरी सेम मशीन पाठवतो तेव्हा रात्री उशिरा येते आणि सकाळी लिफ्ट असते, अशा वेळी चेसिस नंबर बघायचा राहून जातो, तो तेवढा हुक लावायच्या आधी बघा.