ड्रेक वेल म्युझियम, टायटसव्हिल

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याच्या वायव्य कोपऱ्यात टायटसव्हिल नावाचं छोटंसं गाव आहे, त्याच्या जरा बाहेर ऑइल क्रीक नावाच्या ओढ्याकाठी हे म्युझियम आहे. ऑगस्ट १८५९ मध्ये एडविन ड्रेक नावाच्या माणसाने ज्या जागी खास तेलासाठी बोअर मारून तेल काढलं, नेमकी तीच जागा. एकूण परिसर २४० एकरांचा. १९३४ मध्ये, म्हणजे त्या घटनेला ७५ वर्षं झाली तेव्हा, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने इथे स्मारक उभं केलं आणि आता राज्य सरकारचं इतिहास खातं ते बघतं. जायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून जावी, की इथली सगळी गोष्ट दिव्याच्या तेलाची आहे, गाड्यांच्या पेट्रोलची नाही. आपण रॉकेल म्हणतो ना, तो शब्द 'रॉक ऑइल'वरूनच आलाय, आणि या खटाटोपासाठी १८५४ मध्ये जी पहिली कंपनी निघाली तिचं नावच पेनसिल्व्हेनिया रॉक ऑइल कंपनी होतं. रॉकेल काढताना जो पेट्रोलचा भाग वेगळा निघायचा त्याला तेव्हा गिऱ्हाईकच नव्हतं.

बऱ्याच जणांना वाटतं ड्रेकने तेल शोधून काढलं. तसं अजिबात नाही. ओढ्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग कायमच दिसायचा, म्हणून तर त्याचं नाव ऑइल क्रीक. सेनेका म्हणजे इथले मूळ रहिवासी, ते पाण्यावर घोंगड्या पसरून तेल टिपून घ्यायचे आणि औषध म्हणून अंगाला लावायचे, काठावर लाकडाने बांधून काढलेले तेलाचे जुने खड्डे सापडलेत ते गोऱ्या लोकांच्या कितीतरी आधीचे आहेत. पुढे पिट्सबर्गचा सॅम्युएल किअर मिठाच्या विहिरींत, म्हणजे मिठासाठी खारं पाणी काढायच्या विहिरींत, नको असताना येणारं हेच तेल बाटल्यांत भरून औषध म्हणून विकायला लागला. त्याच्या जाहिरातीवर मिठाच्या विहिरीवरच्या मनोऱ्याचं चित्र होतं, ते न्यूयॉर्कमध्ये एका औषधाच्या दुकानात रॉक ऑइल कंपनी काढणाऱ्या जॉर्ज बिसेलने बघितलं आणि मिठासाठी जमिनीत भोक पाडतात तसं तेलासाठी का नाही, हा विचार तिथून आला असं सांगतात. तेल दिव्याला चालेल हे त्याआधीच, १८५५ मध्ये, येल विद्यापीठाच्या प्रोफेसर बेंजामिन सिलिमन यांनी तपासून लिहून दिलं होतं. देवमाशाचं तेल महाग झालेलं, म्हणजे बाजार तयारच होता, फक्त माल भरपूर कसा काढायचा ते कुणाला माहीत नव्हतं.

ड्रेक हा इंजिनिअर वगैरे नव्हता, तब्येतीमुळे नोकरी सोडलेला रेल्वेतला कंडक्टर. तेल काढायच्या कामावर कंपनीने त्याला निवडण्यामागे त्याच्याकडे रेल्वेचा फुकट पास होता हेही एक कारण. गावातल्या लोकांवर छाप पडावी म्हणून कंपनीच्या जेम्स टाउनसेंडने पत्रांवर 'कर्नल ड्रेक' असा पत्ता घातला, आणि सैन्यात एक दिवसही न गेलेला माणूस जन्मभरासाठी कर्नल झाला!

म्युझियममध्ये सगळ्यात जास्त वेळ कशासाठी द्यावा असं विचाराल तर माझं उत्तर एकच, तो साधा लोखंडी पाइप समजून घ्यायला. ओढ्याकाठची जमीन रेती-गोट्यांची, खणायला जावं तर पाणी भरायचं आणि कडा ढासळायच्या, नुसतं खणून काम होईना. मग १८५९ च्या वसंतात बिली स्मिथ हा लोहार मुलाला घेऊन आला, त्याला लोक अंकल बिली म्हणायचे, मिठाच्या विहिरींची हत्यारं घडवण्यात त्याचा हातखंडा होता. तरी माती कोसळायचीच. तेव्हा ड्रेकने बिडाच्या पाइपाचे दहा-दहा फुटी तुकडे एकावर एक ठेवून वरून लाकडी ओंडक्याचे ठोके मारत ३२ फुटांवर, थेट खडकाला टेकेपर्यंत खाली घातले आणि ड्रिलिंग त्या पाइपाच्या आतून केलं. आज बोअर मारताना वरची माती आत पडू नये म्हणून केसिंग टाकतात, तेच हे. आता आपल्याला वाटतं यात काय मोठं, पण याच्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं. ड्रेकने याचं पेटंट घेतलं नाही.

खडकात काम दिवसाला साधारण तीन फूट चालायचं. वाफेचं इंजिन दोराला बांधलेलं जड टोक वर उचलायचं आणि सोडून द्यायचं, परत उचलायचं, परत सोडायचं, बस. शनिवारी २७ ऑगस्टला साडेएकोणसत्तर फुटांवर ते टोक एका भेगेत घसरलं आणि त्या दिवसापुरतं काम थांबवलं. रविवारी अंकल बिली सहज बघायला गेला तर पाइपात तेल वर आलेलं. तिकडे कंपनीचे पैसे संपले होते, उधाऱ्या फेडून गाशा गुंडाळून परत ये असं टाउनसेंडचं पत्र निघालेलं होतं, ते पोचायच्या आत तेल लागलं असं सांगतात. सोमवारपर्यंत तेल भरायला पिंपं, टब, जे हाताला लागेल ते आणलेलं.

ही जगातली पहिली तेलविहीर का, यावर जाणाऱ्याने भांडत बसू नये. अझरबैजानच्या बाकूमध्ये १८४० च्या दशकात बोअर मारलेला आहे, पोलंडमध्ये बोब्रका इथे लुकासिएविचने १८५४ मध्ये तेलाची खाण सुरू केली, कॅनडात ऑइल स्प्रिंग्जला जेम्स मिलर विल्यम्सची विहीर १८५८ ची (बोब्रका आणि ऑइल स्प्रिंग्ज दोन्हीकडे चांगली म्युझियम आहेत), ब्रह्मदेशात येनांजाऊंगला तर हाताने खणलेल्या तेलविहिरी त्याआधीपासून चालू होत्या. टायटसव्हिलचं वेगळेपण असं की इथून धंद्याची झुंबड उठली आणि ती थांबलीच नाही.

आज जी लाकडी इमारत आणि तिच्यावरचा डेरिक, म्हणजे उंच मनोरा, दिसतो ती प्रतिकृती आहे. मूळ इमारत तेल लागल्यावर दीड महिन्यातच ऑक्टोबर १८५९ मध्ये साठवलेल्या तेलासकट जळून गेली. नंतर परत बांधली, आणि तिच्यापुढे उभं राहून काढलेला उंच हॅट घातलेल्या ड्रेकचा फोटो जगभर छापला जातो. त्यात शेजारी उभा असलेला माणूस अंकल बिली आहे असं खूप ठिकाणी लिहिलेलं सापडतं, ते चूक आहे, तो ड्रेकचा मित्र पीटर विल्सन, गावातला औषधविक्या, ज्याने अडचणीत ड्रेकच्या कर्जाला जामीन राहून काम चालू ठेवलं. फोटो काढणारा जॉन मॅदर. त्याच्या काचेच्या निगेटिव्हजचा मोठा संग्रह या म्युझियमकडे आहे आणि तो खरा खजिना आहे. १८९२ मध्ये ऑइल क्रीकला पूर आला आणि पाण्यावरच्या तेलाने पेट घेतला, त्यात मॅदरच्या हजारो काचा गेल्या. जे राहिलंय त्यात चिखलात पोटापर्यंत रुतलेले घोडे, टेकड्यांवर एकाला एक खेटून उभे डेरिक, झाडं तोडून उजाड झालेले उतार असं सगळं दिसतं. आज त्याच टेकड्यांवर दाट जंगल आहे, त्यामुळे आधी फोटो बघून मग बाहेर यावं.

बाहेरच्या अंगणात जुनी यंत्रं आहेत, काही चालवून दाखवतात. एकाच इंजिनाने लांबलांबच्या अनेक विहिरी कशा उपसायचे ते इथे कळतं. मध्ये एक मोठं आडवं चाक, त्याला जोडलेल्या लोखंडी कांबी चहूबाजूंना जमिनीवरून गेलेल्या, चाक फिरलं की कांबी मागेपुढे सरकतात आणि तिकडे जंगलात पंप वरखाली होतो. इंजिनाच्या धुराड्याला बसवलेल्या नळकांड्याला बार्कर म्हणायचे, म्हणजे भुंकणारा. प्रत्येकाचा आवाज निराळा ठेवायचे, त्यामुळे अंधारात घरी पडल्यापडल्या माणसाला कळायचं की आपलं कुठलं इंजिन बंद पडलंय. हे नुसतं वाचून समजत नाही, चालू इंजिनाशेजारी उभं राहून ऐकायलाच पाहिजे.

वाहतुकीचा भाग जरा घाईत बघितला तरी चालेल, पण पिंपाचं माप लक्षात ठेवा. सुरुवातीला दारूची, मिठाची, मिळतील ती पिंपं वापरायचे, मग भांडणं व्हायला लागली आणि शेवटी ४२ गॅलन म्हणजे सुमारे १५९ लिटर हे माप इथेच ठरलं. आजही तेलाचा भाव त्याच पिंपावर सांगतात. भावाचं सांगायचं तर १८६१ संपता संपता पिंप १० सेंटवर आलं होतं, इतकं तेल निघालं.

ड्रेकच्या हाती मात्र काही राहिलं नाही. होतं ते तेलाच्या सट्ट्यात गेलं, तब्येत पार खालावली, शेवटी १८७३ मध्ये पेनसिल्व्हेनियाने त्याला वर्षाला १५०० डॉलर पेन्शन दिलं. १८८० मध्ये तो वारला. नंतर त्याला टायटसव्हिलच्या दफनभूमीत आणलं, तिथलं १९०१ चं स्मारक स्टँडर्ड ऑइल या बड्या तेल कंपनीच्या हेन्री रॉजर्सने पैसे देऊन उभं केलं. म्युझियमला आलात तर तिथे जाऊन यावं.

वेळ असेल तर पिटहोल हे ओस पडलेलं तेलाचं गावही बघावं, ते याच म्युझियमच्या ताब्यात आहे. जानेवारी १८६५ मध्ये तिथे तेल लागलं आणि सप्टेंबरपर्यंत १५,००० लोकांचं गाव झालं. तिथूनच त्या वर्षी सॅम्युएल व्हॅन सिकलने दोन इंची, पाच मैलांच्या वर लांबीची पाइपलाइन टाकली. पोटावर पाय आला म्हणून तेलाची पिंपं वाहून नेणाऱ्या गाडीवानांनी ती उखडली तेव्हा बंदूकधारी पहारा बसवावा लागला. मग तेल आटलं, आगी लागल्या, लोक निघून गेले, १८७० च्या जनगणनेत २३७ माणसं उरली. एका काळी २० लाख डॉलरला गेलेली जमीन १८७० च्या दशकाअखेर ४ डॉलर ३७ सेंटला विकली गेली. आता तिथे नुसतं गवताळ माळरान आहे, पूर्वी जिथे रस्ते होते तेवढंच गवत कापून ठेवतात, आणि त्या हिरव्या पट्ट्यांवरून चालत गेलं की मधूनमधून घरांच्या तळघरांचे खड्डे लागतात.