लाइन वेगवान, तरी आवाज तुटका

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस घ्या. मालक मुंबईच्या व्यापाऱ्याशी इंटरनेटवरून बोलतायत आणि शेजारच्या टेबलावरून नव्या डिझाइनचे फोटो अपलोडला लागतात. लगेच "हॅलो, आवाज येतोय का?" सुरू. मग मोठा प्लॅन घेतला जातो. थोडा फरक पडतो, पण दुखणं जात नाही. कारण आवाजाला वेग फारसा लागतच नाही.

टेलिफोनची जुनी जी.711 पद्धत सेकंदाला आवाजाचे 8000 नमुने घेते, प्रत्येकी 8 बिटांचे. म्हणजे सेकंदाला 64 हजार बिट, अर्थात 64 केबीपीएस. इंटरनेटवर सगळा मजकूर छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो. त्यातला 20-20 मिलिसेकंदांचा आवाज एकेका पॅकेटात भरला आणि प्रत्येकावर पत्त्याबित्त्याचे 40 बाइट चढवले की होतात 80 केबीपीएस. अपलोडचा वेग 2 एमबीपीएस, म्हणजे 2000 केबीपीएस असला, तरी हे त्याच्या जेमतेम 4 टक्के. आवाजाला हवा असतो वक्तशीरपणा. एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. फोटोचं हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवता येतं, पण उशिरा पोचलेला शब्द टाकूनच द्यावा लागतो. संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन आणि त्यांचे सहकारी 1974 मध्ये अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरून बोलले, तेव्हाही अडचण हीच होती.

आता फोटोंकडे बघू. त्यांचं एक पॅकेट साधारण 1500 बाइटांचं, 2 एमबीपीएसवर त्याला बाहेर पडायला 6 मिलिसेकंद. अशी शंभर पॅकेटं पुढे उभी असली, की आवाज 600 मिलिसेकंद अडकला. आणि ती उभी असतातच. फाइल पाठवणारी टीसीपी पद्धत पॅकेटं गळायला लागेपर्यंत वेग वाढवत राहते, आणि बाहेरची लाइन जिथे जोडलेली असते त्या मोडेममध्ये पॅकेटं साठवायला जागा भरपूर दिलेली असते.

यावरचा उपाय पिठाच्या गिरणीतला आहे. वीस किलो ज्वारी घेऊन आलेला माणूस पावशेर डाळवाल्याला "तू घे आधी" म्हणतो. त्याचं स्वतःचं काही अडत नाही. ऑफिसातल्या सगळ्यांना इंटरनेट वाटून देणारा राउटरही आवाजाची वेगळी रांग करून ती आधी रिकामी करू शकतो. ओळख पटावी म्हणून प्रत्येक पॅकेटाच्या माथ्यावर 6 बिटांची जागा असते. तिथे 0 ते 63 मधला आकडा बसतो, आणि आवाजासाठी 46 ठरलेला आहे. पण उद्या प्रत्येकानं आपल्या पोत्यावर 'पावशेर' लिहिलं तर? म्हणून शहाणा राउटर कुणाच्याही 46 वर विसंबत नाही: फोनच्या पॅकेटांवर तो स्वतः शिक्का मारतो आणि त्या रांगेलाही कमाल मर्यादा घालतो. नाहीतर फोटो जन्मात पोचायचे नाहीत.

बहुतेकांचं खरं चुकतं ते पुढे. राउटरमध्ये प्राधान्य लावलं, पण रांग साठतेय त्याच्या पुढच्या मोडेममध्ये! तिथे तुमचा शिक्का कोण बघतो? म्हणून राउटरचा अपलोड वेग लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवायचा. वेग सोडून द्यायला जीव होत नाही, पण त्यामुळे रांग आपल्या हातात येते. डाउनलोडच्या बाजूला रांग इंटरनेट कंपनीकडे लागते, तिथे आपला इलाज तोकडाच. आणि ऑफिसबाहेर पडल्यावर 46 ला मान मिळेलच असं नाही. वाटेतली जाळी तो सर्रास पुसतात.

मोबाइल कंपनीचं मात्र सगळं जाळं स्वतःचं. 4जीवरचा साधा कॉलही, म्हणजे व्होल्टी, पॅकेटांतूनच जातो. पण त्याच्यासाठी ठरावीक वेग राखून ठेवलेला असतो. ॲपवरचा कॉल बाकीच्या डेटाच्या गर्दीत. संक्रांतीला सोलापूरच्या होम मैदानावर भरणाऱ्या गड्डा यात्रेत उभं राहून ॲपवरून बोलायला गेलं की शब्द गळतात, तिथूनच साधा कॉल सहसा स्वच्छ जातो. अर्थात, टॉवरकडे राखायला वेगच उरला नसेल, तर तो लागतच नाही.