चाकूऐवजी लस

नाताळ जवळ आला की वांद्रे-कुर्ल्याच्या गावठाणांत ईस्ट इंडियन घरांमधून सोरपोतेलची तयारी सुरू होते. डुकराचं मांस आणि काळीज उकडायचं, बारीक चिरायचं, परतायचं, मग मसाला आणि व्हिनेगर. मांस वयात आलेल्या नराचं असेल, तर चरबी तापताच मुतासारखा उग्र दर्प सुटू शकतो.

हा दर्प दोन पदार्थांचा. पहिला अँड्रोस्टेनोन, तो वृषणात तयार होतो. नराच्या लाळेतही तो उतरतो आणि माजावर आलेली मादी त्याच्या वासाने जागच्या जागी उभी राहते. काही माणसांना मात्र हा वास येतच नाही, कारण ते ज्याच्या त्याच्या जनुकांवर अवलंबून असतं. दुसरा पदार्थ स्कॅटोल, आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेला. एरवी यकृत त्याचा निकाल लावतं, पण वृषणातले स्टेरॉइड त्या कामात अडथळा आणतात. मग दोन्ही पदार्थ चरबीत साठत जातात.

म्हणून पिल्लू जेमतेम आठवड्याचं असताना त्याला खच्ची करायची रीत जगभर आहे. मागचे पाय धरायचे, अंडकोशावर चीर द्यायची, वृषण बाहेर ओढून कापायचे. बऱ्याच ठिकाणी भूल दिलीच जात नाही. पिल्लू जिवाच्या आकांताने ओरडतं. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही विहित पद्धतीचं खच्चीकरण क्रूरतेच्या व्याख्येतून वगळलं आहे. मला हे फार खटकतं, कारण दुसरा रस्ता, म्हणजे लस टोचून वृषणांचं काम थांबवणं, ऑस्ट्रेलियात १९९८ पासून वापरात आहे.

मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचं संप्रेरक ठरावीक लयीत सोडतो. ती जेमतेम दहा अमिनो आम्लांची साखळी. तिची रचना १९७१ मध्ये उलगडली आणि मेंदूतल्या अशा संप्रेरकांवरच्या कामासाठी रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. जीएनआरएच पोहोचलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते. एलएचमुळे वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरोन हे नराचं संप्रेरक बनवतात, एफएसएच शुक्राणूंच्या घडणीला हातभार लावतं.

शरीरातल्याच एवढ्याशा रेणूकडे प्रतिकारशक्ती एरवी ढुंकूनही बघत नाही. म्हणून लसीत त्याच्यासारखीच साखळी एका मोठ्या, परक्या प्रथिनाला जोडतात. हे प्रथिन म्हणजे घटसर्पाचं निर्विष केलेलं विष. आपल्या बाळांना पालिकेच्या दवाखान्यात घटसर्पाविरुद्ध जे टोचतात, तेच. परक्याला ओळखता ओळखता शरीर जीएनआरएचविरुद्धही प्रतिपिंडं तयार करतं. ती त्या रेणूला पिट्युटरीपर्यंत पोहोचण्याआधीच रक्तात धरून ठेवतात.

पहिल्या डोसने वरकरणी काहीच बदलत नाही. किमान चार आठवड्यांनी दुसरा दिला की टेस्टोस्टेरोन झपाट्याने खाली येतं. वृषण आक्रसतात, लायडिग पेशी रोडावतात, शुक्राणू बनणं मंदावतं. नर एकमेकांच्या अंगावर धावून जाणं सोडतात आणि जास्त खाऊ लागतात. चरबीतला दर्प ओसरायला वेळ लागतो, म्हणून दुसरा डोस कत्तलीच्या चार ते सहा आठवडे आधी देतात. तोवर जनावर खच्ची न केलेल्या नरासारखं, कमी खाद्यात जास्त मांस धरत वाढलेलं असतं. लसीत संप्रेरक म्हणून काम करणारं काहीच नसतं, त्यामुळे मांसात संप्रेरक उतरण्याची भीती नाही. युरोपीय संघाने २००९ मध्ये तिला मान्यता दिली.

परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे आणि लसींसाठी नावाजलेली हाफकिन संस्थाही तिथेच. हा विषय इथल्या विद्यार्थ्यांनी मनावर घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

अर्थात, हे खच्चीकरण कायमचं नाही. प्रतिपिंडं ओसरली की वृषण पुन्हा कामाला लागतात. एखाद्या जनावराला डोस नीट बसला नाही, तर ते अंगावर धावणं सोडत नाही, आणि त्याला पुन्हा टोचावं लागतं. टोचणाऱ्यालाही जपावं लागतं, कारण डुकराचं आणि माणसाचं जीएनआरएच अगदी एकच आहे. सुई चुकून स्वतःला लागली तर माणसाच्याही प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो. म्हणून सुईवर संरक्षक झाकण असलेलीच सिरिंज वापरतात, आणि एकदा अशी सुई लागलेल्या माणसाने ही लस पुन्हा कधीही हाताळायची नाही, असा नियम आहे.