समोच्च रेषा वाचता येतील असा नकाशा

अमेरिकेच्या पूर्व भागातून जाणारी अ‍ॅपलाचियन ट्रेल ही सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची पायवाट. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या १:२४,००० प्रमाणाच्या (कागदावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे २४,००० सेंटीमीटर) नकाशांवर ती सलग मांडायची ठरवली, तर कागदाची पट्टी १४६ मीटर लांब होते. यातला एक नकाशा दक्षिणोत्तर साधारण ५८ सेंटीमीटर भरतो, म्हणजे वाट नाकासमोर सरळ गेली तरी अडीचशे नकाशे लागतील. एवढं ओझं कोणी पाठीवर घेत नाही. मग ट्रेकर लहान प्रमाणाचा नकाशा शोधतो. १:१,००,००० वर हीच पट्टी ३५ मीटरांवर येते. पण प्रमाण लहान केलं की सगळ्यात आधी मार खातात त्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, आणि डोंगरात नकाशा घेऊन जायचं मुख्य कारण तर त्याच असतात.

थोडं गणित करून पाहू. २५ मीटर पुढे गेल्यावर २० मीटर उंची गाठणारा उतार म्हणजे साधारण ३९ अंशांचा. छातीवरचा चढ. दर २० मीटरला एक रेषा धरली, तर १:२५,००० च्या नकाशावर अशा उतारावरच्या दोन रेषांमध्ये १ मिलिमीटर अंतर असतं. डोळ्यांना ते सहज दिसतं. १:५०,००० वर ते अर्धा मिलिमीटर होतं. लक्ष देऊन पाहिलं तर रेषा मोजता येतात. १:१,००,००० वर उरतो पाव मिलिमीटर. छापील रेषेचीच जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, त्यामुळे तिथे रेषा न दिसता नुसता तपकिरी पट्टा दिसतो.

यावर नकाशाकारांचा उपाय म्हणजे रेषांमधलं उंचीचं अंतर वाढवणं. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय नकाशामालेत १:२५,००० वर आल्प्सच्या भागात दर २० मीटरला रेषा आहे, १:१,००,००० वर दर ५० मीटरला. रेषा मोकळ्या होतात, नकाशा स्वच्छ दिसतो. पण पंधरा मजली इमारतीएवढा उभा कडा दोन रेषांच्या मध्ये गडप होऊ शकतो. नकाशावर उतार सौम्य वाटतो आणि प्रत्यक्षात वाट कड्याशी येऊन थांबते. म्हणून कुठलाही नकाशा हातात आला की प्रमाणाबरोबर समोच्च अंतरही आधी वाचावं. मला तर ही जोडी प्रमाणापेक्षाही महत्त्वाची वाटते.

समोच्च रेषांचा जमिनीवरचा एक सुरुवातीचा वापर वाचण्याच्या अडचणीतूनच झाला. १७७४ साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन या डोंगरावर खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिनच्या देखरेखीखाली पृथ्वीची घनता काढण्याचा प्रयोग झाला. ओळंब्याला डोंगर किती बाजूला खेचतो, हे मोजायचं होतं. त्यासाठी डोंगराचं वस्तुमान आणि आधी त्याचं आकारमान कळायला हवं होतं. सर्वेक्षणातून उंचीचे ढीगभर आकडे हाती आले, पण कागदावर विखुरलेल्या त्या आकड्यांतून काही बोध होईना. गणिती चार्ल्स हटनने सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले आणि डोंगराचा आकार समोर आला. पाण्याची खोली दाखवायला अशा रेषा हॉलंडमध्ये त्याआधीपासून वापरत होते. आकडे जिथे मुके राहतात तिथे रेषा बोलते, हे हटनच्या कामात फार छान दिसतं.

आज नकाशा मिळवणं अवघड राहिलेलं नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर जगभरच्या स्वयंसेवकांनी पायवाटा नोंदवल्या आहेत, आणि उंचीची माहिती अंतराळातून आली आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने ११ दिवसांच्या मोहिमेत ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातली जमीन रडारने मोजली. ओपनटोपोमॅपसारखे मोफत नकाशे या दोन गोष्टी एकत्र करून तयार होतात. अशा नकाशांमुळे जिथे छापील नकाशा कधी पोचलाच नव्हता तिथेही नियोजन करता येतं. मला याचं मोल फार वाटतं.

पण त्यांच्या मर्यादा वाचायला शिकलं पाहिजे. ही उंची साधारण ३० किंवा ९० मीटरच्या चौकटीत मोजलेली आहे, म्हणून अरुंद घळ भरल्यासारखी आणि कड्याची धार घासल्यासारखी दिसते. त्या रडारच्या लहरी दाट जंगलात जमिनीपर्यंत नीट पोचत नाहीत, बऱ्याचशा झाडांच्या शेंड्यांकडूनच परततात. जंगल संपतं तिथे नकाशावर प्रत्यक्षात नसलेला टप्पा उगवतो. अरुंद दरीत रडारची सावली पडते आणि तिथली माहिती आजूबाजूच्या आकड्यांवरून भरून काढावी लागते.

हे तपासायची एक सोपी खूण आहे. ओढा ओलांडताना समोच्च रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारखी वळते आणि तिचं टोक ओढ्याच्या उगमाकडे असतं. ओढ्याची निळी रेषा प्रत्येक व्हीच्या बरोबर टोकातून गेली पाहिजे. ती जर व्हीच्या कडेने चालली असेल, किंवा मध्येच एखाद्या सोंडेवर चढून पलीकडे उतरत असेल, तर पाणी एका स्रोतातून आणि उंची दुसऱ्या स्रोतातून आली आहे आणि दोघांचा मेळ कोणी घातलेला नाही. समोच्च रेषा तळ्याच्या पृष्ठभागावरून आरपार जात असतील तर तेच. असा नकाशा टाकून द्यायची गरज नाही. कडा नेमका कुठे सुरू होतो हे मात्र त्याला विचारू नये.

जुन्या हाती काढलेल्या नकाशांची बाजू इथे भक्कम ठरते. अमेरिकी सर्वेक्षण संस्थेची १:२४,००० ची मालिका १९९२ साली पूर्ण झाली; त्यातले जुने नकाशे स्कॅन करून मोफत उपलब्ध आहेत. २००९ पासूनची नवी मालिका संगणकीय माहितीतून आपोआप तयार होते, आणि तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये पायवाटा बऱ्याच अंशी नव्हत्याच. जुन्या नकाशातल्या पायवाटा कधीच्या बुजल्या असतील, पण डोंगराचं रूप त्यात जास्त बोलकं आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. जुन्या नकाशावरून जीपीएसला आकडे देताना मात्र मूळ संदर्भप्रणाली, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजले ती पद्धत, पाहावी, कारण १९२७ च्या अमेरिकी प्रणालीतला बिंदू आजच्या प्रणालीत काही ठिकाणी शंभरेक मीटर सरकतो.

रंगांचाही विचार हवा. स्विस नकाशांत माती-गवतावर रेषा तपकिरी, खडकावर काळी आणि हिमनदीवर निळी असते. एकच रेषा रंग बदलत जाते आणि पायाखाली काय असेल ते सांगते. नकाशाकलेत यापेक्षा देखणं काही मी पाहिलेलं नाही. उलट गडद हिरव्या जंगलावरच्या बारीक तपकिरी रेषा लाल-हिरवा रंगदोष असलेल्यांना दिसेनाशा होतात. रात्री हेडटॉर्चचा लाल दिवा लावणाऱ्यांना तर ही अडचण सगळ्यांनाच येते: लाल उजेडात पांढरा कागद लाल दिसतो आणि लालसर रेषा त्यात विरून जातात. अमेरिकी लष्करी नकाशांवर लाल उजेडात वाचता येण्याची सोय मुद्दाम केलेली असते. आपला नकाशा निघण्याआधी एकदा अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली धरून पाहावा.

फाइलवरून स्वतः छापायचं असेल, तर प्रिंटरची ‘पानात बसवा’ ही सोय बंद करावी. १:२५,००० च्या नकाशावर एक किलोमीटरचा चौकोन पट्टीने मोजल्यावर ४ सेंटीमीटर भरला पाहिजे. ३.८ भरला तर कागदावर छापलेलं अंकप्रमाण, म्हणजे १:२५,००० हा आकडा, चुकीचं झालं. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर काढलेली किलोमीटरची पट्टी, मात्र चित्राबरोबरच आकसतं, त्यामुळे ते बरोबर राहतं. चौकोन बरोबर भरला तरी वाटेची लांबी नकाशावर नेहमी थोडी कमीच भरते, कारण नागमोडी वाटेची सगळी वळणं काढायला जागा नसते.

लांबच्या वाटांसाठी पट्टीनकाशेही मिळतात: वाट मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना एखाद-दोन किलोमीटर मुलूख. वजनाला हलके, उलगडायला सोपे, रोजच्या चालीला पुरेसे. पण पाय मुरगळला, ओढ्याला पूर आला किंवा पुढचं जंगल पेटलं, तर उतरायची वाट बहुधा त्या पट्टीच्या बाहेर असते. त्यासाठी सगळ्या मार्गाचा १:१,००,००० चा रुंद नकाशा सोबत असावा, ज्यात जवळची गावं, रस्ते आणि खिंडी येतात. १:२५,००० चे नकाशे फक्त उंच खिंडींसाठी आणि वाट पुसट असलेल्या टप्प्यांसाठी छापून घ्यावेत, आणि ते टप्पे रुंद नकाशावर पेन्सिलीने चौकट आखून आधीच दाखवून ठेवावेत.