येझदीचे बोल्ट आणि अर्धा ग्रॅम जस्त

जुनी गाडी जुलैत खोलू नये, हे मला गोव्यात, डिचोलीत दोघातिघांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. माझ्या येझदी मोटारसायकलचे साठ बोल्ट रविवारी तारेच्या ब्रशने लखलखीत घासले, वर्तमानपत्रावर मांडले आणि झोपलो. सोमवारी सकाळी प्रत्येकावर कुंकू भुरभुरल्यासारखा तांबडा थर! घासताना गंजाबरोबर कारखान्यातून आलेलं उरलंसुरलं जस्तही निघून गेलं होतं आणि उघडं लोखंड पावसाळी हवेत रात्रभर पडलं होतं. मेस्त्री हसला. "पात्रांव, बेळगांवाक धाड," म्हणाला.

बेळगावला पाठवायचं ते झिंक प्लेटिंगसाठी, म्हणजे विजेने जस्ताचा पातळ थर चढवून घेण्यासाठी. मला मात्र ते घरी करून बघायचं होतं.

जस्त लोखंडाला वाचवतं ते नुसतं रंगासारखं पांघरूण घालून नव्हे. रंगावर ओरखडा पडला की खालचं लोखंड उघडं पडलं, संपलं. जस्त मात्र ओरखड्याच्या कडेला बसून स्वतः झिजत राहतं, कारण लोखंडापेक्षा ते इलेक्ट्रॉन सोडायला अधिक तयार असतं. मालीमच्या जेटीवर ट्रॉलर ओढून वर घेतला की पंख्याजवळ जस्ताचे खाल्लेले ठोकळे दिसतात, तेही याच कामाचे. हम्फ्री डेव्हीने जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी ही युक्ती १८२४ साली सुचवली. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या मायकेल फॅरेडेने पुढे विजेचा आणि साठणाऱ्या धातूचा हिशेब मांडला. घरच्या प्लेटिंगला तोच हिशेब लागतो.

एक अँपिअर वीज तासभर वाहिली तर १.२२ ग्रॅम जस्त बसतं, त्याहून जास्त नाही. आठ मिलिमीटरचे, तीन सेंटिमीटर लांबीचे सात बोल्ट घेतले तर त्यांचं एकूण क्षेत्रफळ साधारण १०० चौरस सेंटिमीटर भरतं. त्यावर ७ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर द्यायला जेमतेम अर्धा ग्रॅम जस्त पुरतं. म्हणजे एक अँपिअरने कागदावर २५ मिनिटं. प्रत्यक्षात थोडी वीज हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात वाया जाते, म्हणून मी अर्धा तास धरतो.

सातच मायक्रॉन का? आट्यांमुळे. आट्याच्या दोन्ही उतारांवर थर चढतो आणि उतार तिरपा असल्यामुळे आट्याचा व्यास थराच्या चौपट वाढतो. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला कारखान्यात २८ मायक्रॉनची मोकळीक ठेवलेली असते. चार साते अठ्ठावीस. त्यापुढे नट अडकायला लागतो. "जाड थर म्हणजे टिकाऊ" म्हणणाऱ्यांनी एकदा तसा बोल्ट हाताने फिरवून बघावा.

सामान साधं आहे. व्हिनेगर, मेडिकलमधलं एप्सम सॉल्ट, जस्ताची पट्टी आणि करंट बेताचा ठेवता येईल असा पॉवर सप्लाय. पट्टी धन टोकाला, बोल्ट ऋण टोकाला. करंट वाढवायचा मोह आवरायचा. घाई केली की कडांवर काळा, स्पंजासारखा थर येतो आणि बोटाने पुसला तरी निघतो. माझी पहिली खेप अशीच गेली.

शेवटी मी अर्धे बोल्ट घरी केले आणि अर्धे बाहेर दिले. बाहेर फिरत्या पिंपात किलोकिलोने माल घालतात. बोल्ट सतत एकमेकांवर घरंगळत असल्यामुळे टांगायची तार टेकल्याचा डाग कुठेच राहत नाही. काम सुरेख आलं, पण तीस बोल्ट मोजून दिले होते ते एकोणतीस परतले आणि त्यातला एक कुणाच्या तरी स्कूटरचा होता. डोक्यावर कारखान्याची खूण असलेले बोल्ट जपणाऱ्याला हे किती लागतं, ते त्यालाच ठाऊक.

पण व्यावसायिकाकडे जाण्याचं खरं कारण चकाकी नव्हे, हायड्रोजन. तेच बुडबुडे. त्यांतले काही अणू बाहेर न पडता पोलादात शिरतात. डोक्यावर ८.८ ही ताकदीची खूण असलेल्या साध्या बोल्टला त्याचं सहसा काही वाटत नाही. १०.९ पासून जपायला हवं, आणि डोक्यात षटकोनी खाच असलेल्या ॲलन बोल्टवर बहुधा दिसणारी १२.९ ही खूण तर धोक्याची. एवढं कडक पोलाद हायड्रोजनने ठिसूळ होतं. बोल्ट आवळताना काही कळत नाही, तासांनी किंवा दिवसांनी तो एकाएकी तुटतो. यावर उपाय म्हणजे प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास काही तास भाजणं. भट्टी आहे का, हा प्रश्न प्लेटिंगवाल्याला आधीच विचारावा. तो गोंधळला तर कडक बोल्ट देऊ नयेत. ब्रेकचे आणि ॲक्सलचे बोल्ट मी कुणालाच देत नाही, नवेच घेतो.

स्टेनलेसचे का नाहीत, असं प्रत्येकजण विचारतो. नेहमीच्या स्टेनलेसची ताकद ८.८ पेक्षा कमी, आणि खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या केसिंगला टेकल्यावर झिजतं ते ॲल्युमिनियम. वर्षभराने बोल्ट फिरत नाही, आणि जोर लावला तर आटे घेऊन बाहेर येतो.

उरला शेवटचा थर. प्लेटिंगनंतर बोल्ट क्रोमियमच्या द्रावणात बुडवतात. बसणारा पापुद्रा मायक्रॉनभरही नसतो, पण गोव्यात सगळा फरक त्यानेच पडतो, कारण नुसतं जस्त दमट खाऱ्या हवेत पांढऱ्या भुग्यात विरतं. जुन्या पिवळ्या छटेच्या द्रावणात षट्संयुजी क्रोमियम असतं, जे कर्करोग घडवतं. अंगणात विहीर असलेल्या घरात ती बाटली आणूच नये.

म्हणून माझ्या घरच्या बोल्टांना तो थर मिळाला नाही, नुसतं तेल मिळालं. चतुर्थीपर्यंत सीटखालचे तेलकट बोल्ट करडे, ठीकठाक होते. पुढच्या मडगार्डचे चार पिठात लोळवल्यासारखे पांढरे झाले होते. मेस्त्रीने त्यावरून बोट फिरवलं, मला दाखवलं आणि माझ्याच शर्टाला पुसलं.