हृदयविकाराच्या नकाशावर लाल रंग कुठून येतो?

हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचा जागतिक नकाशा उघडला की मध्य आशिया आणि पूर्व युरोप गडद लाल दिसतात, जपान आणि दक्षिण कोरिया अगदी फिके. अलीकडच्या जागतिक अंदाजांत मध्य आशियाचा वयानुरूप मृत्युदर लाखामागे सुमारे ५१७ आहे आणि आशिया-पॅसिफिकमधल्या श्रीमंत देशांचा सुमारे ७७. पावणेसात पट फरक!

यातला ‘वयानुरूप’ हा शब्द वाचताना सुटतो आणि तिथेच घोळ होतो. समजा, दोन जिल्हे आहेत, प्रत्येकी एक लाख लोकवस्तीचे. पहिल्यात साठीच्या आतले ९०,००० आणि वरचे १०,०००. तरुणांत हजारी १ आणि वृद्धांत हजारी १२ मृत्यू, म्हणजे ९० अधिक १२०, एकूण २१०. दुसऱ्यात साठीच्या आतले ६५,००० आणि वरचे ३५,०००. तिथे दर हजारी ०.६ आणि ८, म्हणजे ३९ अधिक २८०, एकूण ३१९. वरवर पाहता दुसरा जिल्हा वाईट. आता दोन्हीकडे ८०,००० तरुण आणि २०,००० वृद्ध असते असं धरून तेच दर लावा; हाच ‘वयानुरूप’ हिशोब. पहिल्यात ३२० मृत्यू येतात, दुसऱ्यात २०८. निकाल उलटला. दुसऱ्या जिल्ह्याचा ‘दोष’ एवढाच की तिथली माणसं म्हातारी होईपर्यंत जगतात. त्यामुळे कोणी नुसते एकूण मृत्यू मोजून दोन प्रदेशांची तुलना करत असेल, तर ती बाजूला ठेवावी.

दुसरा घोळ मृत्यूच्या दाखल्यावर होतो. दाखल्याच्या पहिल्या ओळीत तात्कालिक कारण लिहायचं, मग ते कशामुळे झालं, तेही कशामुळे, असं उतरत शेवटच्या ओळीत मूळ कारण. नीट भरलेल्या दाखल्यावर वर ‘हृदयाचे ठोके अनियमित’, मधे ‘हृदयाच्या स्नायूला झटका’ आणि खाली ‘करोनरी धमन्यांचा (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचा) आजार’ असं दिसेल. आकडेवारीत जातं ते खालचं. पण घाईत एकच ओळ लिहिली जाते: ‘हृदयक्रिया बंद पडली’. ती तर प्रत्येकाचीच पडते. मूळ आजार मूत्रपिंडाचा असेल किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल. संख्याशास्त्रज्ञ अशा नोंदींना ‘कचरा कोड’ म्हणतात आणि अंदाजाने खऱ्या कारणांमध्ये वाटून टाकतात. जिथे कचरा जास्त, तिथल्या नकाशाचा रंग तेवढा कच्चा.

हे सगळं वजा करूनही फरक उरतोच, आणि मग अनुवंशाकडे बोट जातं. जपानमध्ये राहणारे, हवाईत स्थायिक झालेले आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले जपानी वंशाचे पुरुष १९६५ पासून एकाच पद्धतीने तपासले गेले. करोनरी आजार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत मध्यम, कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त निघाला. जनुकं तीच, पण राहणीबरोबर धोका बदलला. २००४ साली ५२ देशांतल्या झटका आलेल्या रुग्णांच्या अभ्यासाने त्यावर आकडा ठेवला: बदलता येणाऱ्या नऊ घटकांत पुरुषांमधल्या पहिल्या झटक्यांचा सुमारे ९० टक्के धोका सामावतो, स्त्रियांमध्ये ९४. तंबाखू, कोलेस्टेरॉलचा बिघाड, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण हे धोका वाढवणारे. फळं-भाज्या, व्यायाम आणि माफक मद्य हे उरलेले तीन. (मद्याचा हा फायदा खरा की भासमान, यावर पुढे बराच वाद झाला, त्याचा आधार घेऊन पिणं सुरू करू नये.) दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला होता, इतरत्र जवळपास ५९व्या. कारण तेच घटक, फक्त लवकर अंगाला चिकटलेले.

या यादीत जगभराचा हिशोब केला तर सर्वांत जड घटक रक्तदाब. चाळीस ते सत्तर वयात वरचा आकडा ११५ पासून पुढे पाऱ्याच्या दर २० मिलिमीटरने वाढला की हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. उलट औषधांनी वरचा आकडा १० ने उतरवला की हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे २० टक्क्यांनी कमी होतात. इतका महत्त्वाचा आकडा, आणि तो मोजताना मात्र हलगर्जी! आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवी तुंबलेली नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. कफमधला, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्यातला, फुगा दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग वेढेल एवढा हवा; जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटाच वर जातो. हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला हवा. तो १० सेंटीमीटर खाली लोंबकळत असेल तर केवळ रक्ताच्या स्तंभाच्या वजनाने ७-८ मिलिमीटर वाढतात. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावं. सर्वेक्षणात एका प्रदेशाने हे पाळलं आणि दुसऱ्याने नाही, तर उच्च रक्तदाबाच्या प्रमाणातला फरक तेवढ्यानेही दिसू शकतो.

लाल प्रदेश फिका करता येतो, हे फिनलंडच्या नॉर्थ करेलियाने दाखवलं. १९७०च्या सुमारास तिथल्या पुरुषांचा हृदयविकाराने होणारा मृत्युदर जगात सर्वाधिक दरांपैकी एक होता. १९७२ साली प्रकल्प सुरू झाला: पावाला थापायचं लोणी कमी, सायीच्या दुधाऐवजी कमी स्निग्ध दूध, सॉसेजमधली चरबी आणि मीठ कमी, धूम्रपान सोडण्याला मदत, रक्तदाबाची नियमित तपासणी. उकळलेल्या कॉफीची जागा गाळलेल्या कॉफीने घेतल्यानेही थोडा हातभार लागला, कारण कोलेस्टेरॉल वाढवणारा तेलकट अंश कागदी गाळणीत अडकतो. चार दशकांत कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. यातला सुमारे दोन तृतीयांश वाटा कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान यांतल्या बदलांचा.

बदल उलट दिशेनेही तितकाच वेगाने होतो. सोव्हिएत संघात १९८५ला दारूवर कडक नियंत्रण आलं आणि दोन वर्षांत रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६५च्या जवळ गेलं. मोहीम ढेपाळली, पाठोपाठ देश कोसळला, आणि १९९४ला ते ५८च्या खाली आलं. या खालीवर होण्यात हृदयविकाराच्या मृत्यूंचा वाटा मोठा होता. धमनीतले चरबीचे थर इतक्या झटपट जाड-बारीक होत नाहीत. बेसुमार पिण्याने बिघडणारे ठोके आणि उसळणारा रक्तदाब मात्र त्याच रात्री मारू शकतात.

मिठाचं उदाहरण जास्त साधं आहे. चीनमधल्या ६०० गावांत पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा साठीपुढच्या उच्च रक्तदाबाच्या सुमारे २१,००० लोकांवर प्रयोग झाला. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, उरलेल्यांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मिश्रण. सुमारे पाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा शरीरात पोटॅशियम साठवणारी औषधं घेणाऱ्यांनी असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तात पोटॅशियम चढलं तर हृदय थांबू शकतं.

आता कोड्याची गोष्ट. २०१४ साली १७ देशांतल्या दीड लाखाहून अधिक लोकांचे निष्कर्ष आले. धोक्याच्या घटकांची बेरीज श्रीमंत देशांत सर्वांत जास्त होती आणि गरीब देशांत सर्वांत कमी, मृत्यू मात्र नेमके उलटे. हृदयविकाराची मोठी घटना घडल्यावर श्रीमंत देशांत ६.५ टक्के लोक दगावले, गरीब देशांत १७.३ टक्के. म्हणजे नकाशावरचा बराचसा लाल रंग आजार झाल्यानंतर चढतो. त्याच संशोधकांनी आधी, २०११ला, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना चार गटांतली औषधं मिळतात का, हे पाहिलं होतं: गुठळी रोखणारं अॅस्पिरिनसारखं औषध, हृदयाची गती आणि ताण कमी करणारं बीटा-ब्लॉकर, रक्तवाहिन्या सैल करणारं एसीई रोधक किंवा त्याचा पर्याय, आणि कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन. यांपैकी एकही गोळी न घेणारे श्रीमंत देशांत ११ टक्के होते, गरीब देशांत ८०. या चारही गटांत पेटंट केव्हाच संपलेल्या गोळ्या आहेत.