रेघ उमटली की सुटलात

"सगळ्या सरकारी नोकरांची ड्रग टेस्ट करा, आणि सुरुवात पुढाऱ्यांपासून करा" असं दर थोड्या दिवसांनी कुणीतरी ठोकून देतं आणि लगेच माना डोलायला लागतात. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या संवेदनशील पदांवरच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी तसा आदेश काढला होता, २०१८ मध्ये पंजाबात तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंगांनी तर भरतीपासून पुढे सगळ्याच सरकारी कर्मचाऱ्यांना डोप टेस्ट सक्तीची करा म्हणून सांगितलं. यावर भांडणारे दोन्हीकडचे लोक एक गोष्ट मात्र गृहीत धरतात, की टेस्ट म्हणजे हो किंवा नाही, विषय संपला. तो संपत नाही, आणि का संपत नाही ते बघायचं तर ती साधी लघवीची पट्टी नीट समजून घ्यायला हवी. मला स्वतःला ही पट्टी भयंकर आवडते, त्यामुळे थोडं लांबेल.

मी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा साफ उलटं वाचलं होतं. प्रेग्नन्सीच्या किंवा कोविडच्या किटवर दोन रेघा आल्या की पॉझिटिव्ह, हे डोक्यात पक्कं बसलेलं. ड्रगच्या पट्टीवर दोन रेघा आल्या तर तुम्ही सुटलात! टी (म्हणजे टेस्ट) लिहिलेल्या जागेपाशी रेघ आली नाही तर पंचाईत. आणि अगदी फिकट, डोळे बारीक करून बघावी लागेल अशी रेघ आली तरी ती निगेटिव्हच धरायची.

असं उलटं का? कारण ड्रगचा रेणू फार छोटा आहे. प्रेग्नन्सी किट ज्याला पकडतं ते एचसीजी हे चांगलं मोठं प्रोटीन, त्याला एक अँटीबॉडी (ठरावीक रेणूलाच पकडणारं प्रोटीन) एका बाजूने धरते, दुसरी दुसऱ्या बाजूने, मधे सँडविच होतं आणि रंग दिसतो. गांजा ओढल्यावर लघवीत जो पदार्थ शोधतात (कार्बॉक्सी टीएचसी) त्याचं वजन ३४४ डाल्टन (रेणू मोजायचं एकक), आणि अँटीबॉडी दीड लाखाच्या आसपास, म्हणजे ४०० पटीहून जास्त. एवढ्याशा रेणूला एकाच वेळी दोन अँटीबॉड्या धरणार कुठे, एकीनेच पकडला की दुसरीला जागा उरत नाही. मग लोकांनी डोकं असं लावलं की पट्टीवर टी च्या जागी तोच ड्रग एका मोठ्या प्रोटीनला बांधून आधीच चिकटवून ठेवायचा, आणि सोन्याचे अतिसूक्ष्म कण लावलेल्या अँटीबॉड्या (सोनं एवढं बारीक झालं की लाल दिसतं) लघवीबरोबर वर वाहू द्यायच्या. लघवी स्वच्छ असेल तर अँटीबॉड्यांचे हात रिकामे, त्या टी पाशी जाऊन चिकटतात, सोनं साठतं, लाल रेघ. लघवीत ड्रग असेल तर वाटेतच त्यांचे हात भरतात आणि त्या टी समोरून तशाच पुढे निघून जातात. सी ची (म्हणजे कंट्रोलची) रेघ वेगळ्या तऱ्हेची, ती फक्त पट्टी नीट चालली एवढंच सांगते.

म्हणजे बघा, ही पट्टी ड्रग "दाखवत" नाही, अँटीबॉडीचे हात कशाने तरी भरले एवढंच दाखवते. कशाने, ते तिला कळत नाही. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन कधीकधी अँफेटामिन म्हणून खपून जातं, टीबीवरचं रिफाम्पिसिन काही किट्सवर अफू म्हणून. खसखशीची गोष्ट तर आणखी गमतीची, तिच्यात खरंच मॉर्फिन असतं, म्हणून अमेरिकेत १९९८ मध्ये अफूवर्गाची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून थेट २००० केली. पॉझिटिव्हची रेषा निसर्ग आखत नाही, माणसं बसून आखतात.

आता हिशोब करू, आकडे मी सोयीसाठी घेतलेत. १०,००० कर्मचारी, त्यातले १०० खरंच नशा करणारे, आणि टेस्ट दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक. शंभरातले ९५ सापडतील, छान. पण उरलेल्या ९,९०० निर्दोष लोकांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९५ जणही अडकतील. एकूण ५९० पॉझिटिव्ह, त्यात खरे ९५, म्हणजे सहात एक! सरसकट सगळ्यांना तपासायचं म्हटलं की हे होणारच, कारण बहुतेक लोक नशा करतच नाहीत.

यावर उपाय आहे, जीसी-एमएस (गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री) नावाची लॅबमधली तपासणी. त्यात लांबलचक नळीतून पदार्थ वेगळे करतात, मग इलेक्ट्रॉनचा मारा करून रेणू फोडतात आणि तुकड्यांची वजनं बघतात. गांजाच्या त्या रेणूला आधी सिलिकॉनचा गट जोडतात, मग ३७१, ४७३ आणि ४८८ या वजनांच्या खुणा ठरलेल्या वेळेला ठरलेल्या प्रमाणात यावे लागतात, शिवाय ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घातलेला त्याच रेणूचा जुळा भाऊ तुलनेला सोबत सोडतात. डोकं गरगरलं तर सोडून द्या, एवढंच लक्षात ठेवा की या दुसऱ्या तपासणीशिवाय नुसत्या पट्टीवर कुणाला नोकरीवरून काढणं म्हणजे शुद्ध अन्याय.

जाता जाता, "डिटॉक्स" म्हणून जी पेयं विकतात त्यात जादू काही नसते, जे काय होतं ते भरपूर पाणी प्यायल्याने लघवी पातळ होते म्हणून. लॅबवाले क्रिएटिनिन (लघवीत एरवी असतोच असा शरीराचा टाकाऊ पदार्थ) बघतात, ते डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की नमुना पातळ असल्याचा शेरा येऊ शकतो. पैसे गेले ते गेलेच.

पण मशीन कितीही भारी आणलं तरी माझा खरा आक्षेप तसाच राहतो. कार्बॉक्सी टीएचसीने नशा होतच नाही, तो लिव्हरने तयार केलेला उरलासुरला माल. टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा मूळ पदार्थ, चरबीत मुरतं आणि हळूहळू बाहेर पडतं, त्यामुळे रोज ओढणारा माणूस सोडल्यानंतरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. कोकेनची खूण दोन ते चार दिवसांत जाते. दारू तर काही तासांत. म्हणजे टेस्ट सांगते की रेणू मागे कधीतरी शरीरात आला होता, आत्ता खुर्चीवर बसलेला माणूस शुद्धीत आहे का ते नाही. रेल्वे चालवणाऱ्यांची टेस्ट मला पटते, तिथे चूक म्हणजे मुडदे, आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये अपघातानंतरच्या तपासणीला मान्यता दिली तीही अशाच कारणाने. पण जॉर्जिया राज्याने निवडणुकीच्या उमेदवारांना टेस्ट सक्तीची केली तेव्हा त्याच कोर्टाने १९९७ मध्ये ती ८ विरुद्ध १ मतांनी रद्द केली. कायद्याची कारणं होतीच, पण निकालात एक साधी गोष्टही आहे: अर्ज भरायच्या आधीच्या ३० दिवसांत टेस्ट द्यायची आणि तारीख उमेदवाराला ठाऊक, मग नशा करणारा तेवढे दिवस कळ काढेल की.

आणि अमेरिकेत केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या लघवीत जे पदार्थ शोधतात त्या ठरलेल्या यादीत दारू नाहीच. रात्रभर पिऊन सकाळी लाल डोळ्यांनी फायलीवर सही करणाऱ्या साहेबांची टी ची रेघ मस्त लालभडक उमटेल.